सिटकॉमवाले डार्क कॉमेडीत गेले की तुम्हाला चालतं का?

खिडकीतली
काल रात्री 'हॉरिबल बॉसेस' पाहिला. जुना आहे, २०११ चा, पण माझा राहूनच गेला होता. तीन मित्र आपापल्या बॉसला उडवायचं ठरवतात एवढं माहीत होतं, त्यात आपली 'फ्रेंड्स'मधली रेचल, म्हणजे जेनिफर अ‍ॅनिस्टन, आहे हेही माहीत होतं, पण ती काय करते ते माहीत नव्हतं. डेंटिस्ट आहे आणि हाताखालच्या माणसाला असं काही छळते की मी पहिली पंधरा मिनिटं फक्त "अगं रेचल, काय हे" एवढंच म्हणत होते. १९९४ ते २००४ अशी दहा वर्षं जी बाई कॉफीचे मग उचलत होती, लग्नातून पळून आलेली, रडणारी, भांडणारी, ती एकदम हे असलं? हसू आलं, नाही असं नाही. पण हसल्यावर चोरी केल्यासारखं वाटलं.

तर प्रश्न असा की सिटकॉममधले, म्हणजे टीव्हीवरच्या हलक्याफुलक्या विनोदी मालिकांमधले, लोक डार्क कॉमेडी करायला गेले की तुम्हाला पचतं का? गंभीर भूमिका म्हणत नाहीये मी, त्या सगळेच करतात आणि मग पुरस्कार घेतात. खून, प्रेत, आजारपण, फसवणूक यावर हसवणारं काहीतरी. कोणाला जमलं, कोण तोंडावर पडलं?

रिमोट_माझाच
चालतं की. त्यांनाही घर चालवायचंय.

तिरकस
धागाकर्तीला त्रास रेचलचा झालाय की त्या पात्राचा, हे आधी ठरवा. त्या सिनेमात बाई पुरुषाचा लैंगिक छळ करते आणि तो प्रकार गंमत म्हणून दाखवलाय, बाकीचे दोन मित्र तर त्याला "तुझं काय वाईट चाललंय" असंच म्हणतात. उलट असतं, म्हणजे डॉक्टर पुरुष आणि असिस्टंट बाई, तर कोणी हसलं असतं का? चोरी केल्यासारखं वाटलं ते यासाठी असेल. अ‍ॅनिस्टनने काम चोख केलंय.

खिडकीतली
@तिरकस, हा मुद्दा मान्य, एकदम मान्य. पण हेच काम कुणा अनोळखी नटीने केलं असतं तर मला फक्त राग आला असता. इथे राग आणि "अगं तू पण?" असं दोन्ही झालं, ते दुसरं कुठून आलं ते शोधतेय.

गोगलगाय
"अगं तू पण" ला +१

कट_टू
माझ्या मते ज्यांचं सिटकॉममधलं पात्रच मुळात हलकट होतं त्यांना काही अडचण येत नाही. डॅनी डेव्हिटो घ्या. 'टॅक्सी'मध्ये (१९७८ ते ८३) तो लुई नावाचा डिस्पॅचर होता, पिंजऱ्यात बसून सगळ्यांवर खेकसणारा, शंभर टक्के नालायक माणूस. त्याने पुढे १९८७ मध्ये 'थ्रो मम्मा फ्रॉम द ट्रेन' दिग्दर्शित केला, आईला मारायला निघालेला मुलगा, आणि स्वतःच त्यात काम केलं. मग १९८९ मध्ये 'द वॉर ऑफ द रोझेस', घटस्फोट घेणारं जोडपं घरासाठी एकमेकांच्या जिवावर उठतं. कोणी म्हटलं का की अरे डॅनी तू पण? नाही. लोक म्हणाले, आलाच शेवटी आपल्या वळणावर.

गोड पात्रं केलेल्यांची पंचाईत होते. 'फ्रेंड्स'मधल्या रॉसने, म्हणजे डेव्हिड श्विमरने, २००६ मध्ये 'बिग नथिंग' केला सायमन पेगबरोबर. ब्लॅकमेल, प्रेतं, गोंधळ, सगळा मसाला होता. तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलाय?

गोगलगाय
मी पाहिलाय. कोणाला सांगितलं नव्हतं.

रिमोट_माझाच
@गोगलगाय हहपुवा (हसून हसून पुरेवाट)

सोमवार_नको
सगळे अमेरिकेत काय करताय? आपल्याकडचं उदाहरण घ्या की, तेही उलट्या दिशेचं. सतीश शाह.

'जाने भी दो यारो' १९८३ चा. त्यात तो भ्रष्ट कमिशनर डिमेलो, आणि अर्ध्याहून जास्त मजा त्याची मेल्यानंतरच आहे. प्रेताचं काम आहे हो ते! डोळे उघडे, चेहरा कोरा, बाकीचे त्याला ओढतायत, टेकवतायत, शेवटी महाभारताच्या नाटकात साडी नेसवून द्रौपदी म्हणून उभा करतायत. आणि हा माणूस एका शब्दाशिवाय सगळ्या नटांच्या हातून सीन काढून घेतो. त्यानंतर लगेच १९८४ मध्ये 'ये जो है जिंदगी' ही मालिका, दर भागात नवीन पात्र. दोन्हीकडे कुंदन शाह दिग्दर्शक. मग २००४ मध्ये 'साराभाई व्हर्सेस साराभाई' मालिकेतला इंद्रवदन साराभाई. म्हणजे आपण ज्याला वीस वर्षं घरातला काका मानला तो आधी प्रेत होऊन गेलेला. कोणालाही खटकलं नाही.

मग खरं कारण क्रम आहे का? आधी काळं, मग गोड, असं चालतं. आधी गोड आणि मग काळं केलं की आपण रुसतो.

अर्धवट_झोपेत
ओम पुरी दारूच्या नशेत त्या शवपेटीला बिघडलेली गाडी समजतो आणि आतल्या डिमेलोशी गप्पा मारत बसतो. बास. एवढंच लिहायला आलो होतो. कितीही वेळा पाहिलं तरी तोच परिणाम.

नानाची_टांग
गोड नंतर काळं की काय म्हणताय त्याला आपल्याकडचा पुरावा आहे, 'एक होता विदूषक', १९९२. पुलंची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, लक्ष्मीकांत बेर्डे मुख्य भूमिकेत. राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा. प्रेक्षकांनी मात्र पाठ फिरवली, कारण लक्ष्या म्हटलं की हसायचं हे ठरलेलं. माझे काका चिडून थिएटरबाहेर आले होते, म्हणाले पैसे देऊन रडायचं काय?

तिरकस
नाना, लक्ष्या सिटकॉमवाला नव्हे आणि विदूषक डार्क कॉमेडी नव्हे. सोंगाड्याच्या आयुष्याची शोकांतिका आहे ती. दोन्ही बाजूंनी विषयाबाहेर.

नानाची_टांग
काका मात्र विषयातले होते. आमच्याकडे सगळ्यात जास्त डार्क कॉमेडी त्यांनीच केली. कृहघ्या (कृपया हलकेच घ्या).

पडद्यामागे
वाचतोय कालपासून, आता राहवत नाही म्हणून लिहितो, जरा लांबेल.

मी बरीच वर्षं हौशी नाटकं केलीत, बहुतेक विनोदी. तिथे पहिली शिकवण म्हणजे लाफ्टर घ्यायला शिका. वाक्य टाकलं, हशा आला, की थांबायचं. हशा चढतो, शिगेला पोचतो, उतरायला लागतो आणि पूर्ण विरायच्या आत पुढचं वाक्य उचलायचं. लवकर उचललं तर वाक्य बुडतं, उशिरा उचललं तर प्रयोग बसतो. 'फ्रेंड्स'सारख्या मालिका समोर प्रेक्षक बसवून शूट व्हायच्या, म्हणजे ते लोक दहा वर्षं हेच करत होते. २०२१ च्या रियुनियनमध्ये त्यातला चँडलर, मॅथ्यू पेरी, सांगतो की प्रेक्षक हसले नाहीत तर आपण मरून जाऊ असं त्याला वाटायचं. बाकीचे पाच जण तेव्हा थोडे चमकलेले दिसतात. मला अजिबात नवल वाटलं नाही.

आता या सवयीच्या माणसाला डार्क कॉमेडीत टाका. तिथे हशा यायची खात्री नाही, उलट दिग्दर्शकाला तो दबका यायला हवा असतो, घशात अडकलेला. नट मात्र सवयीने जागा सोडतो, भुवई उचलतो, की बघा विनोद झाला हं. तेवढ्या अर्ध्या सेकंदात सगळं कोसळतं. मेलेला माणूस शेजारी पडलाय आणि हा टाळीची वाट बघतोय!

माझंच सांगतो. एका एकांकिकेत मी वडिलांच्या प्रेताशेजारी बसून मृत्युपत्रावरून भावाशी भांडणारा मुलगा होतो. तालमीत सगळे गंभीर. प्रयोगात पहिल्या वाक्याला हशा आला आणि माझ्यातला जुना विनोदी नट जागा झाला. मग काय, प्रत्येक वाक्यावर पॉझ, प्रत्येक पॉझला हावभाव. लोक हसत राहिले, मी खूश. विंगेत आल्यावर दिग्दर्शिका म्हणाली, "बाप मेलेला कोणाच्याच लक्षात राहिला नाही, तुझ्यासकट." चौदा वर्षं झाली, अजून टोचतं.

'मॅश' या मालिकेची गोष्ट माहीत असेल. युद्धातल्या हॉस्पिटलवरची सिटकॉम, १९७२ पासून अकरा सीझन. चॅनेलने आग्रहाने मागे रेकॉर्डेड हशा घालायला लावला होता, पण ऑपरेशन थिएटरमधल्या प्रसंगांना तो लावायचा नाही हे निर्मात्यांनी मान्य करून घेतलं. पोट फाडलेल्या सैनिकावर वाकून डॉक्टर जोक मारतायत आणि मागे शुकशुकाट. विनोद तेच, नट तेच. आता हसायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा.

गोगलगाय
दंडवत घ्या.

खिडकीतली
@पडद्यामागे "तुझ्यासकट" वर थांबले थोडा वेळ. वाखु (वाचनखूण) साठवली.

कट_टू
पडद्यामागे यांच्या प्रतिसादावरून एक थिअरी सुचली. ज्या सिटकॉममध्ये हशाच नव्हता तिथले लोक सहज डार्ककडे जातात. ब्रायन क्रॅन्स्टन बघा. 'माल्कम इन द मिडल' (२००० ते २००६) एका कॅमेऱ्यावर सिनेमासारखी शूट केलेली, मागे हशा नाही. त्याच्यानंतर दोन वर्षांत 'ब्रेकिंग बॅड', ड्रग्ज बनवणाऱ्या मास्तरची काळी मालिका. सायमन पेगच्या 'स्पेस्ड'मध्येही हशा नव्हता, मग २००४ मध्ये 'शॉन ऑफ द डेड' करून बसला, स्वतःच्या झाँबी झालेल्या आईला गोळी घालायचा प्रसंग आहे त्यात. जेसन बेटमन 'अरेस्टेड डेव्हलपमेंट'चा, तिथेही हशा नाही, आणि 'हॉरिबल बॉसेस'मध्ये सगळ्यात आरामात तोच वावरतो. रेचल मात्र हशावाली. क्यूईडी, सिद्ध झालं.

तिरकस
क्यूईडी कसलं? तुझाच डॅनी डेव्हिटो. 'टॅक्सी' प्रेक्षकांसमोर व्हायची. वूडी हॅरेलसन 'चीअर्स'मधला भोळा बारटेंडर, तीही प्रेक्षकांसमोर. ती १९९३ ला संपली आणि ९४ मध्ये हा 'नॅचरल बॉर्न किलर्स'मध्ये माणसं मारत सुटलाय. आणि त्या सिनेमात एक अख्खा तुकडा सिटकॉमसारखा केलाय, घरातला अत्याचार चालू आहे आणि मागे रेकॉर्डेड हशा. अंगावर काटा येतो. म्हणजे हशाच हत्यार म्हणून वापरलाय. थिअरी गेली.

कट_टू
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

कट_टू
नाही, काढत नाही. थिअरी अर्धी तरी बरोबर आहे. 'ब्रेकिंग बॅड'साठी क्रॅन्स्टनचं नाव आलं तेव्हा चॅनेलवाले बिचकले होतेच, 'माल्कम'मधला तो बावळट बाप कशाला म्हणून. मग मालिकेचा कर्ता विन्स गिलिगन याने त्यांना 'एक्स-फाइल्स'चा एक जुना भाग दाखवला, त्यात क्रॅन्स्टनने एक घाणेरडा माणूस केला होता, बघून किळस यावी आणि तरी कीव यावी असा. तेव्हा कुठे होकार आला. म्हणजे बिचकतो तो फक्त प्रेक्षक नाही, चेकवर सही करणाराही बिचकतो. (हो, मालिका आहे, सिनेमा नाही, माहितेय, तिरकस यांनी टंकायला घेतलं असेल तर थांबावं.)

तिरकस
घेतलं होतं.

अर्धवट_झोपेत
रच्याकने (बाय द वे), डार्क कॉमेडी आणि ब्लॅक कॉमेडी एकच ना? की काळ्याच्या दोन छटा?

सोमवार_नको
एकच. मराठीत म्हणायचं तर काळा विनोद, आणि आपल्याला तो नवीन आहे असं कोणी म्हणू नये. सतीश आळेकरांचं 'महानिर्वाण' १९७४ चं आहे. मेलेला माणूस स्वतःच्या मरणावर कीर्तन करतो, मुलगा अंत्यसंस्काराच्या खटपटीत, आणि आपण हसतोय. त्यापुढे हॉलिवूडचे अर्धे डार्क सिनेमे बालवाडी.

रिमोट_माझाच
इंद्रवदनची ती सुनेला, मोनिशाला, नावं ठेवणारी बायको माया साराभाई डार्क कॉमेडीत असती तर: "साध्या सुरीने खून, मोनिशा? हाऊ मिडल क्लास!"

नानाची_टांग
आणि तिचा कवी मुलगा रोसेश शोकसभेत कविता म्हणणार. दुसरं प्रेत तिथेच.

गोगलगाय
😂😂 नाना जिंकले

दुपारची_चादर
रॉबिन विल्यम्स कसा नाही आला अजून? 'मॉर्क अँड मिंडी'चा स्टार. त्याचे दोन सिनेमे लागोपाठ बघा म्हणजे पडद्यामागे म्हणतात ते डोळ्यांनी दिसेल. २००२ चा 'डेथ टू स्मूची', दिग्दर्शक परत आपले डेव्हिटोच. त्यात विल्यम्स मुलांच्या कार्यक्रमाचा हाकललेला होस्ट आहे, सूडाने पेटलेला, आणि सतत पूर्ण आवाजात. सिनेमा जोरात आपटला. मग २००९ चा 'वर्ल्ड्स ग्रेटेस्ट डॅड'. मुलगा लाजिरवाण्या अपघाताने मरतो, बाप ते लपवायला आत्महत्येची खोटी चिठ्ठी लिहितो, आणि जिवंतपणी ज्या मुलाला कोणी विचारत नव्हतं तो मेल्यावर शाळेचा संत होतो. विल्यम्स इतका दबलेला आहे त्यात, हसवायचा प्रयत्नच करत नाही, आणि म्हणून काय हसतो आपण, आणि काय लाज वाटते. २०१४ मध्ये विल्यम्सने स्वतःच आत्महत्या केली, त्यानंतर मला तो सिनेमा परत लावता आलेला नाही हेही खरं.

दुसरा जॉन रिटर. 'थ्रीज कंपनी'तला धडपडणारा जॅक. 'बॅड सँटा' (२००३) मध्ये तो मॉलचा संकोची मॅनेजर आहे, समोर सँटाच्या वेशातला दारुडा चोर काहीही बरळतोय आणि याला "ते शब्द" तोंडातून काढणंही जमत नाही. जवळजवळ कुजबुजतो. सिनेमा यायच्या आधीच तो गेला. सिटकॉममध्ये शरीराने हसवायचा, इथे फक्त अवघडून बसतो. माझ्यासाठी या धाग्याचं उत्तर तेच आहे.

पडद्यामागे
@दुपारची_चादर, अगदी अगदी. रिटरने टायमिंग सोडलेलं नाही, फक्त टाळी मागणं सोडलंय.

कट_टू
जिम कॅरी पण. १९९६ चा 'केबल गाय', बेन स्टिलर दिग्दर्शक, दोन कोटी डॉलर मानधन. लोक तोंड वेडंवाकडं करणारा कॅरी बघायला गेले आणि मिळाला पाठलाग करणारा विकृत माणूस.

तिरकस
कॅरी स्केच शोवाला. सिटकॉमवाला नव्हे.

कट_टू
१९८४. 'द डक फॅक्टरी'. तेरा भागांत गुंडाळली. पण सिटकॉम. आज मी शांत झोपणार.

तिरकस
😐 मान्य.

दुपारची_चादर
आणि 'वाळवी' कोणी घेतलाच नाही! परेश मोकाशींचा, जानेवारी २०२३ चा. नवरा आणि त्याची मैत्रीण मिळून बायकोला संपवायचा बेत करतात, आत्महत्या वाटावी असा, पुढचं सांगत नाही. बायको म्हणजे अनिता दाते, 'माझ्या नवऱ्याची बायको'मधली राधिका. ती सिटकॉम नाही हे मी आधीच मान्य करते, तिरकस. पण वर्षानुवर्षं रोज रात्री जिची बाजू घेतली तीच बाई समोर, नवरा परत एकदा बाहेर गुंतलेला. ती आल्या आल्या आपण तिच्या बाजूने! दिग्दर्शकाला दहा मिनिटं वाचली की नाही? आणि स्वप्नील जोशीचा तो गुळगुळीत हिरोपणा घामाने उतरताना बघायला जी मजा येते ती अनोळखी नट घेऊन आली नसती.

तिरकस
याला मात्र काही म्हणायचं नाही. तोंडओळख असलेला चेहरा अडचण नसून भांडवल आहे, असं म्हणायचंय तुम्हाला. पटतंय, वाईट वाटतंय.

मुकी_वाचक
पाच वर्षं नुसती वाचते इथे, पहिलाच प्रतिसाद, चुकलं तर सांभाळून घ्या.

दिलीप प्रभावळकर. आमच्या घरात ते प्रभावळकर नाहीतच, ते आबा. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' २००१ मध्ये सुरू झाली तेव्हा आईने वेळापत्रक त्याप्रमाणे बदललं होतं. २०१३ चा 'नारबाची वाडी' आम्ही दोघींनी टीव्हीवर पाहिला. गोष्ट तशी भयंकर आहे. म्हाताऱ्या नारबाची नारळाची वाडी खोताला हवी, तर करार असा की खोताने दर महिन्याला पैसे द्यायचे आणि नारबा मेला की वाडी खोताची. आता नारबा मरतच नाही. खोत येऊन येऊन बघतोय, अजून कसा गेला नाही. एका माणसाच्या मरणाची वाट बघणं हाच सगळा विनोद.

आई पहिला अर्धा तास हसलीच नाही. दर दहा मिनिटांनी विचारायची, "आबा मरणार नाहीत ना गं?" नारबा नाही, आबा! मी म्हटलं माहीत नाही. मग पैसे घेऊन नारबा टुणटुणीत व्हायला लागला आणि खोत वाळायला लागला, तेव्हा आई जी हसायला लागली, तोंडात पदर घालून, डोळ्यात पाणी. नंतर म्हणाली, "मेल्याला आमच्या आबांचं मरण पाहिजे होतं."

खिडकीतली यांनी लिहिलंय ना, "अगं तू पण" कुठून येतं. मला वाटतं आई त्या खोतावर जेवढी चिडली तेवढी ती दुसऱ्या कुठल्या म्हाताऱ्यासाठी चिडली नसती.

गोगलगाय
पाच वर्षं गप्प का होतात हो तुम्ही?

सोमवार_नको
आणि तेच आबा १९९३ मध्ये तात्या विंचू होते हे आईंना सांगू नका.

मुकी_वाचक
सांगितलं होतं. दोन दिवस बोलली नाही.

खिडकीतली
@मुकी_वाचक, काल रात्री बाबांबरोबर लावला. मला वाटलं होतं विषय असा आहे, त्यांचं वय बघता त्यांना आवडेल की नाही, म्हणून मी आधीच म्हटलं, कंटाळा आला तर बंद करू. खोत पहिल्यांदा चौकशीला येतो तिथे मी अवघडून बाबांकडे बघितलं तर ते आधीच हसत होते. आणि रेचलचं म्हणाल तर माझं अजून ठरत नाहीये, तिरकस यांचा मुद्दा आड येतोय. बाबांनी मात्र मध्येच माझ्या हातातला रिमोट घेतला आणि खोत नारबाची तब्येत बघायला येतो तो भाग मागे नेऊन परत लावला. तीन वेळा.

रिमोट_माझाच
बाबांना आयडी काढून द्या.